मागितलं तेवढंच

मामा भित्रा होता. ही गोष्ट आपण फार शिताफीने लपवून ठेवली आहे असं त्याला वाटायचं, आणि सगळ्या ट्रॅकने ते त्याला वाटू दिलं होतं. शर्यतीच्या गाड्या जुळवणारा हा माणूस रस्ता ओलांडताना दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे आणि एकदा वर आभाळाकडे बघायचा. गॅरेजचं कुलूप तीनदा ओढून घरी निघायचा आणि कोपऱ्यावरून पुन्हा ओढायला परत यायचा. लोक पाठीमागे हसत. पण मामा ज्या गाडीखाली जाऊन आला त्या गाडीचा नट कधी वाटेत गळून पडला नाही, हेही तेच लोक सांगत.

तसा तो मामा होता एकट्या भिंगरीचा. पण तिने "मामा, पाना!", "मामा, हवा!" अशा हाका मारमारून त्याला साऱ्या जगाचा मामा करून टाकलं होतं, त्याच्याहून वयाने मोठा असलेला झेंडेवालासुद्धा त्याला मामाच म्हणायचा. भिंगरी ही त्याच्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. लहानपणी अंगणात स्वतःभोवती गरगर फिरायची, धपकन पडायची आणि पडल्यावर खदाखदा हसायची, म्हणून भिंगरी. आता ती चांगली घोडी झाली होती, मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवत होती, आणि तरी हिचं पडून हसणं काही गेलेलं नाही, या विचाराने मामाला रात्र रात्र झोप लागत नसे.

ज्याने मातीवरची शर्यत पाहिलेली नाही त्याला एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. तिथे गाडी नुसत्या स्टिअरिंगने वळत नाही. वळणावर तिची शेपटी बाहेर फेकावी लागते, मग नाक आपसूक आत येतं. शेपटी सुटलीच नाही तर गाडी नाकासमोर सरळ जाते, आणि नाकासमोर फळ्यांची भिंत असते. शेपटी जास्त सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडाशी आडवी होते. या दोन मरणांच्या मधली जी बोटभर जागा, ती मामा पान्याने शोधायचा. मागच्या उजव्या चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो. त्याचं पुढचं टोक गाडीच्या सांगाड्यावरच्या एका पट्टीला बोल्टने बसवलेलं असतं, आणि त्या पट्टीला एकावर एक भोकं पाडलेली असतात. टोक तळाच्या भोकात असलं की शेपटी बांधलेली. एक भोक वर घेतलं की थोडी मोकळी, दोन घेतली की आणखी मोकळी. स्प्रिंगा, शॉकअप, टायरमधली हवा ही बाकीची खटपट असतेच. पण भिंगरीच्या गाडीचा स्वभाव ठरायचा तो या पट्टीवर.

आणि त्या ट्रॅकचा एक जुना दंडक होता. चालवणाऱ्याने तोंडाने मागायचं, मेकॅनिकने हाताने द्यायचं. मागणाऱ्याने गाडीखाली वाकून बघायचं नाही. वाकून बघणं म्हणजे चारचौघांत मेकॅनिकला खोटारडा म्हणणं. एकदा एकाने सख्ख्या भावाने जुळवलेल्या आपल्या गाडीखाली वाकून भोकं मोजली होती, तर ते दोघे आजतागायत एकमेकांच्या घरी पाणी प्यायला जात नाहीत.

या दंडकाच्या आडोशाला मामा सुखाने लपला होता. भिंगरी दोन भोकं मागायची, मामा एक द्यायचा. वर तोंडाने "दिली गं, दोन दिली" म्हणायचा. हल्ली तिचं मागणं जरा वाढलं आहे, पोरगी दोनाच्या खाली बोलतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तरुण रक्त, दुसरं काय, असं म्हणून तो अर्ध्यावर बोल्ट आवळायचा आणि निश्चिंत व्हायचा. म्हणजे मामा जेवढा निश्चिंत होऊ शकतो तेवढा.

हे तो का करायचा, ते सांगायचं तर भावजींपाशी जावं लागतं. भावजी म्हणजे ताईचे यजमान, भिंगरीचे वडील. त्यांच्या काळात त्यांच्यासारखा चालवणारा त्या ट्रॅकवर नव्हता, आणि मामा त्यांचा मेकॅनिक होता. एका शर्यतीला भावजी म्हणाले, "आज तीन दे." मामाने तीन दिली. पहिल्या वळणावर आतल्या बाजूला एक पांढरा रंगवलेला खांब आहे, चालवणाऱ्यांना वळायची जागा कळावी म्हणून. मामा त्या खांबाला हात लावून उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर भावजींच्या गाडीची शेपटी सुटली, ती सुटतच गेली, आणि गाडी पाठमोरी फळ्या फोडून पलीकडे गेली. भावजी वाचले. डावा पाय मात्र पुढे नुसता सोबतीला उरला. दवाखान्याच्या बोळात ताईने विचारलं, "काय झालं रे?" तेव्हा मामाच्या तोंडून एवढंच निघालं, "ताई, त्यांनी मागितलं तेवढंच मी दिलं होतं."

कुणी त्याला बोल लावला नाही. भावजी तर उलट त्याचीच समजूत घालत, "अरे, मी मागितली, तू दिलीस, तुझा काय दोष?" पण नेमकं हेच वाक्य मामाच्या छातीत काट्यासारखं मोडून बसलं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मामा पाणीसुद्धा फुंकायला लागला. मागितलं तेवढं त्यानंतर त्याने कुणालाच दिलं नाही. आणि त्या खांबापाशी पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. शर्यत सुरू झाली की तो ट्रॅकच्या मधल्या मैदानात हत्यारांच्या टेम्पोमागे, ट्रॅककडे पाठ करून उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून भिंगरीची गाडी ओळखायचा. आवाज आहे, म्हणजे पोर आहे.

त्या दिवशी हंगामाची शेवटची, सगळ्यांत मोठी शर्यत होती. सकाळी टँकरवाल्याने मातीवर पाणी मारताना हात जरा जास्तच सैल सोडला होता. माती जड आणि चिकट झाली होती, टायरला धरून ठेवत होती. मुख्य शर्यतीआधीची छोटी फेरी संपवून भिंगरी परत आली तेव्हा मामा नेहमीप्रमाणे गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला निघाला आणि पुढच्या उजव्या चाकापाशी थबकला. पत्र्यावर चाकापासून दारापर्यंत पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. तो रंग गाडीचा नव्हता. भिंतीचा होता.

"हे काय?" मामाचा आवाज चिरकला.

"काही नाही, भिंतीला जरा गाल लावून आले," भिंगरी हेल्मेट काढत म्हणाली. केस कपाळाला चिकटले होते, तोंडभर चिखलाचे शिंतोडे, आणि त्यातून दात दिसत होते. "नाक धावतंय रे, मामा. कितीही वळवा, बया वळतच नाही. सरळ भिंतीकडे निघते, माहेर असल्यासारखी."

"हळू घे मग. हळू घेतलं तर काय बिघडतं?"

"हळू घ्यायचं तर रिक्षा नसती चालवली? ऐक, मोठ्या शर्यतीला चार दे."

"चार?"

"चार. एक, दोन, तीन, चार. ऐकू कमी यायला लागलं का तुला?" असं म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन सावलीला गेलीसुद्धा.

मामा त्या पांढऱ्या पट्ट्यासमोर उकिडवा बसून राहिला. त्याने बोट फिरवलं. पत्रा आत दबला होता आणि रंगाची भुकटी बोटाला लागली. सकाळी तिने दोन मागितली होती आणि आपण एक दिलं होतं. म्हणजे हे जे भिंतीला घासलं ते आपण खाल्लेलं एक भोक होतं. हातभर आणखी पुढे गेली असती तर चाक फळ्यांत अडकलं असतं, गाडी उलथली असती, आणि दवाखान्याच्या त्याच बोळात ताईने पुन्हा विचारलं असतं. त्या वेळी काय सांगणार होतो आपण? मागितलं त्याच्या अर्धंच दिलं होतं म्हणून?

इतकी वर्षं त्याला देण्याची भीती वाटत होती. आता न देण्याची वाटायला लागली. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये पाना हातात घेऊन मामा. तीन दिल्यावर काय झालं ते त्याने पाहिलं होतं, आणि ही चार मागत होती. पण भावजींचं तीन ही जुनी गोष्ट होती, आणि हा पांढरा पट्टा बोटाला लागत होता.

तो गाडीखाली सरकला. वरून ओल्या मातीची ढेपळं सुटून त्याच्या कपाळावर पडत होती, तापलेल्या तेलाचा वास येत होता. त्याने दांड्याचा बोल्ट सोडवला, टोक गुडघ्याने उचलून धरलं आणि वर सरकवत नेलं. दुसरं भोक, तिसरं भोक. खालच्या भोकांच्या कडांचा रंग बोल्टच्या येण्याजाण्याने उडालेला होता. चौथ्या भोकात मात्र आजवर कधी बोल्ट गेलाच नव्हता. आतला काळा रंग कोरा करकरीत होता. बोल्ट जाईना. मामाने कानस फिरवून भोक साफ केलं, हातोडीने दोन ठोके दिले, तेव्हा कुठे तो आत गेला. हे भोकसुद्धा नको म्हणतंय, असं त्याच्या मनात आलं. पण त्याने नट आवळला, तीनदा ताणून पाहिला, आणि बाहेर येऊन घाम पुसला.

"दिली?" भिंगरीने लांबूनच विचारलं.

"दिली. चार," मामा म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलत होता, आणि तेच वाक्य बोलताना त्याची जीभ अडखळली. भिंगरीने मान डोलावली, आणि दुपारी मोठ्या शर्यतीची वेळ झाली तशी हेल्मेट चढवून खिडकीतून आत शिरली. मामाने तिचे पट्टे आवळले. ते त्याने चारदा ओढून पाहिले तेव्हा ती आतून ओरडली, "श्वास तरी घेऊ देशील का?"

गाड्या निघाल्या. आधी संथ फेऱ्या असतात, सगळ्या गाड्या रांगेने एका जीपमागून फिरतात, आणि जीप बाजूला झाली की हिरवा झेंडा पडतो. मामा टेम्पोमागे जायला वळला तर ताई तिथे आधीच पायरीवर बसली होती. तीही शर्यत बघत नसे. बहीण-भाऊ टेम्पोमागे पाठ करून बसायचे आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, गॅस महागला, शेजारणीचं कुत्रं व्यालं, काहीही.

"किती मागितली आज तुझ्या लाडकीने?" ताईने विचारलं.

"चार."

ताई हसली. "म्हणजे दोन."

"दोन कशी? चार म्हणाली."

"अरे वेड्या, तू अर्धीच देतोस ना. तिला ठाऊक आहे ते. कधीचंच ठाऊक आहे. तिला दोन हवी असली की ती चार मागते, एक हवं असलं की दोन. सांगत होती मला हसत हसत, मामा आपल्याला फसवतोय असं त्याला वाटू दे, तेवढाच त्याचा हात स्थिर राहतो. पोरीने तुझाच मामा केलाय, आणि तू बसलास..."

ताई बोलता बोलता थांबली. मामाच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी ओतून टाकावं तसं उतरलं होतं.

"काय रे? काय झालं?"

"मी चार दिली," मामा म्हणाला. "ताई, आज मी चारही दिली."

ताईच्या हातातली बाटली खाली पडली. मामाच्या पायाखालची जमीन सरकली होती, पण पाय मात्र कसे कुणास ठाऊक पळायला लागले होते.

पळता पळता त्याने ट्रॅककडे पाहिलं. दुपारच्या उन्हाने माती सुकली होती. सकाळची चिकट काळी माती आता फिकट पडून मधोमध गुळगुळीत झाली होती, आणि गाड्यांमागे धूळ उडायला लागली होती. अशा मातीवर बांधलेली शेपटीसुद्धा सुटते. भिंगरी दोनाच्या हिशोबाने वळणात गाडी फेकणार. चाराची शेपटी अशा मातीवर पहिल्याच फेकीत पुरी फिरणार, आणि मागून सगळी रांग सुसाट येत असणार.

झेंडेवाला आपल्या मचाणावर उभा होता. मामाने खालून त्याची शिडी हलवली. "थांबव! माझी गाडी थांबव! शेपटी सुटणार तिची!"

झेंडेवाल्याने खाली बघून सुस्कारा सोडला. "मामा, दर शर्यतीला तू हेच सांगतोस."

"आज खरं आहे!"

"मागच्या खेपेला पण खरंच होतं. त्याच्या मागच्या खेपेला चाक निखळणार होतं. थांबायचं तर चालवणाऱ्याने हात बाहेर काढायचा, नियम आहे. मेकॅनिक घाबरला म्हणून थांबवत बसलो तर तुझ्यापायी इथे शर्यतच व्हायची नाही. जा, टेम्पोमागे जा."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. एवढी वर्षं मामा उगाचच्या भीतीने ओरडत आला, आणि आज राक्षस खरोखर आला तर त्याचं ऐकायला कुणी नव्हतं. जीप शेवटच्या फेरीला निघाली होती. मामा भिंगरीच्या गाडीकडे बघून दोन्ही हात हलवत ओरडला, पण तिचे डोळे पुढच्या गाडीवर होते. चालवणारा या वेळी माणसांकडे बघत नाही. तो एकाच जागेकडे बघतो. मामाला ती जागा माहीत होती.

त्या जागेकडे जायला त्याचे पाय तयार नव्हते. पांढरा खांब समोर दिसत होता आणि मामाला तो पुन्हा एकदा हाताला गार लागत होता, त्या दिवशी लागला होता तसा. देवा, मला नको, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असं तो मोठ्याने म्हणाला. पण दुसरं कुणी नव्हतं. तो रडत, ठेचकाळत धावला आणि खांबापाशी जाऊन उभा राहिला. एका हाताने त्याने खांब धरला, नाहीतर तो उभाच राहिला नसता, आणि दुसऱ्या हाताची चार बोटं ताणून वर केली.

हिरवा झेंडा पडला. सगळ्या गाड्यांनी एकदम आवाज काढला आणि तो आवाज धुळीसकट मामाच्या अंगावर यायला लागला. पुढच्या दोन गाड्या वळणात शिरल्या. त्यांच्यामागे भिंगरी. तिच्या गाडीचं नाक त्याला दिसलं, पत्र्यावरचा पांढरा पट्टा दिसला, हेल्मेटच्या काचेवर ऊन चमकलं. आता ती फेकणार. मामाला डोळे मिटायचे होते. ते मिटले असते तर हातही खाली आला असता, म्हणून त्याने ते मिटले नाहीत.

आणि तिच्या गाडीचा आवाज अचानक उतरला. वळणाच्या तोंडाशी, जिथे कुणीच पाय उचलत नाही तिथे, तिने पाय उचलला. तेवढ्या हलक्या वेगातसुद्धा शेपटी सपकन बाहेर आली आणि बाहेर येतच राहिली. गाडी जवळजवळ आडवी झाली. भिंगरीने स्टिअरिंग उलटं वळवलं, धरून ठेवलं, गाडी थरथरली, आणि भिंतीपासून दोन हातांवर नाक पुन्हा सरळ झालं. मागच्यांची मात्र तारांबळ उडाली. हिरव्या गाडीने तिला चुकवायला ब्रेक मारला, तिच्यावर मागची निळी आदळली, आणि दोन्ही एकमेकींत अडकून ट्रॅकच्या मधोमध उभ्या राहिल्या. दोन्हींचे चालवणारे शिव्या देत बाहेर आले, म्हणजे धडधाकट होते. लाल झेंडा पडला. मामा खांबाच्या बुंध्याशी बसला.

शर्यत थांबली की गाड्या मैदानात येतात आणि रस्ता मोकळा होईपर्यंत पाने चालवायला परवानगी असते. मामा कसाबसा चालत गाडीपाशी आला तेव्हा भिंगरी एका टायरवर बसली होती. हेल्मेट मांडीवर होतं. ती हसत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. आपली भाचीसुद्धा घाबरते, हे मामाला त्या दिवशी प्रथम कळलं.

"किती दिलीस?" तिने विचारलं.

"चार."

"खरोखरची?"

"खरोखरची."

"आजच कुठून सुचलं तुला हे?"

"भिंतीचा रंग पाहिला," मामा म्हणाला. "वाटलं, मी सकाळी एक कमी दिलं म्हणून तू भिंतीला लागलीस. वाटलं, आता तरी खरं द्यावं."

भिंगरीने कपाळावर हात मारला. "सकाळी मला एकच हवं होतं, आणि एकच मिळालं. माती तेवढी चिकट निघेल असं वाटलं नव्हतं मला. अंदाज माझा चुकला. तुझं काही नव्हतं त्यात."

मामाने विचारलं, "माझी बोटं तरी दिसली ना तुला? चार केली होती."

"कसली बोटं? त्या धुळीत बोटं दिसतात होय!" ती म्हणाली. "तू दिसलास. खांबाशी. मामा खांबाशी येऊन उभा राहिलाय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढंच डोक्यात आलं. पाय आपोआप उचलला गेला."

मामाने डोळे पुसले, पाना घेतला आणि गाडीखाली सरकला. मग आतूनच बाजूला होऊन त्याने शेजारची माती थोपटली.

"ये."

"कुठे?"

"इथे. खाली. ये आणि मोज."

"मामा, लोक बघतायत."

"बघू देत."

ती आत आली. आजूबाजूच्या गाड्यांवर चाललेले पाने एकेक करून थांबले. एक चालवणारी आपल्या मेकॅनिकच्या शेजारी गाडीखाली आडवी झालेली त्या ट्रॅकने पाहिली नव्हती. कुणीतरी "काय दिवस आले" असं म्हणालंसुद्धा. मामाने बोल्ट काढला. भिंगरीचं बोट धरून त्याने ते पट्टीवर तळापासून वर नेलं. "हे तळाचं. हे एक. हे दोन. दोन ना?"

"माती सुकलीय," भिंगरी म्हणाली. "दीड असतं तर बरं झालं असतं. एक दे."

"एक?"

"एकच. आणि खरं एक."

मामाने पहिल्या भोकात बोल्ट घातला, नट तिने स्वतः आवळला. मामाने तीनदा ताणून पाहिला, मग तिला ताणायला लावला.

"पुढच्या वेळी मी किती मागू रे?" तिने अंधारातच विचारलं.

"लागेल तेवढंच माग."

"आणि तू किती देशील?"

मामाने खूप विचार केला. "तू शेजारी असलीस तर तेवढंच देईन," तो म्हणाला. "नसलीस तर माझा काही भरवसा धरू नकोस."

ती हसली. तिचं हसणं गाडीखाली फार मोठं वाटलं.

गाड्या पुन्हा रांगेला लागल्या. मामाचे पाय सवयीने टेम्पोकडे वळले होते, ते त्याने मोठ्या कष्टाने थांबवले. भीती कमी झाली नव्हती. उलट आतापर्यंत ती अर्ध्या भोकात दडवून ठेवता येत होती, आज तिला दडायला जागाच नव्हती. सगळी अंगावर आली होती. ताई येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"किती दिलं?" तिने विचारलं.

"मागितलं तेवढंच."

ताई दचकली. हे वाक्य तिने एकदा ऐकलेलं होतं. तिने मामाच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली. हिरवा झेंडा पडला, आवाज उठला, आणि गाड्या पांढऱ्या खांबाकडे निघाल्या. दोघंही तोंड ट्रॅककडे करून उभी होती. भिंगरीच्या गाडीची शेपटी सुटली, थोडी बाहेर आली, आणि नाक सावकाश आत वळलं. गाडी खांबाला वळसा घालून सरळ रस्त्याला लागली. अजून पुष्कळ फेऱ्या बाकी होत्या, आणि ताईने बाही सोडली नव्हती.